मामांनी बैल विकून घर घेतलं

जगातली प्रत्येक गोष्ट मुळात बैल असते आणि बाकीचं रूप तिला मागाहून चिकटतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. ते म्हणजे आमच्या हिचे मामा, माझ्या सासूबाईंचे सख्खे धाकटे भाऊ. पलूसच्या बाजूला त्यांचं गाव. घरचा ऊस, बारमाही विहीर, मूलबाळ नाही, आणि घरापेक्षा प्रशस्त गोठा. मामांचं वर्ष चैत्रात सुरू होऊन फाल्गुनात संपत नसे, ते जनावरांच्या जत्रांवर चाले. कुणाचं लग्न कधी झालं असं विचारलं की, "खरसुंडीच्या जत्रेतनं कोसा बैल आणला न्हाई का आपुन, त्याच्या मागच्या आठवड्यात," असं उत्तर यायचं. ऐकणाराला तो कोसा बैल ठाऊक असलाच पाहिजे अशी त्यांची खात्री. नसला ठाऊक, तर आधी बैलाची कुळकथा आणि मग जमल्यास लग्नाची.

माझं लग्न ठरायच्या आधी हे गृहस्थ मला पाहायला सांगलीत आले होते. मी तेव्हाही मास्तर होतो आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पगार किती, घरी कोण कोण, काही म्हणून विचारलं नाही. आले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "जरा समोरनं पान आणता का?" मी रस्ता ओलांडून गेलो, पान घेऊन आलो, तर हे दारात कमरेवर हात ठेवून उभे. मग माझ्या हातावर एक अख्खी सुपारी ठेवली. अडकित्ता मागावा तर पाहुण्यांसमोर घरात अडकित्ता नाही हे उघड होईल, म्हणून मी आपली ती दाढेखाली धरून कडकन फोडली. मामांचा चेहरा उजळला. गावी जाऊन त्यांनी सासूबाईंना जे सांगितलं ते आमची ही आजही चारचौघांत जसंच्या तसं ऐकवते: "चाल सरळ हाय. दात शाबूत हायती. मान जरा खाली घालून चालतंय, पर ते नोकरीमुळं आसंल. अंगानं बारीक हाय, खाण्यावर भरंल." झालं! एवढ्यावर मी पास. भरलो मात्र नाही, आणि त्याचा दोष मामा शेवटपर्यंत त्यांच्या भाचीच्या स्वयंपाकाला देत आले.

एकदा त्यांना घड्याळ घ्यायचं होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. दुकानदारानं पेटी पुढे केली. मामांनी एकेक घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले, नको म्हणून मान हलवली. शेवटी एक कानाला लावून तसेच बसून राहिले आणि समाधानानं म्हणाले, "ह्येचा रवंथ बरा हाय." दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागलो. मामांच्या सोबत फिरायचं तर अशी पाहण्याजोगी काहीतरी जागा आधी हेरून ठेवावी लागे.

आता ह्या असल्या माणसानं घर विकत घ्यायचं ठरवलं, आणि तेही सांगलीत, यावर गावात कुणाचा विश्वास बसेना. पण त्याला कारण मामी होत्या. मामींना दमा. माझ्या लग्नापासून मी त्यांना पाहत होतो, ती बाई दोन वाक्यं सलग बोलली की तिसऱ्याला भिंतीचा आधार घ्यायची. झोपल्या की छातीतून शीळ. "आमच्यात रातभर मालगाडी चालती बगा," असं मामा म्हणायचे, पण हसायचे नाहीत. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यात भिंत एकच. ह्या बाजूला चूल, त्या बाजूला वैरण, कोंडा, शेणकुटं. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं की, औषधं देतो, पण एकतर गोठा हलवा, नाहीतर ह्यांना हलवा. आणखी एकदोन सुग्या ह्या धुळीत काढल्या तर माझ्याकडे आणायची गरज उरणार नाही.  पिढ्यान्‌पिढ्यांचा गोठा हलत नसतो. पुढच्याच जत्रेत मामांनी आपली खिलारी जोडी विकली, विहिरीकडचा एक तुकडा भावकीत विकून टाकला, आणि सांगलीला माझ्या दारात येऊन उभे राहिले. "जावईबापू, चला. घर बगायचं."

मी काय घर बघणार, कपाळ? पण एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली होती. दुष्काळ नुकताच सरलेला, डिझेल भडकलेलं, आणि शहरातल्या जागांवरही सरकार टाच आणणार अशी जिकडेतिकडे वदंता. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी तो उशाखाली घातला होता. घरं विकायला सगळे तयार, घ्यायला कुणी नाही. वर्तमानपत्रात जप्तीच्या नि लिलावाच्या नोटिसांनी अर्धं पान भरायचं. दलाल तर आम्हाला पाहून सायकलवरून उतरायचे. विश्रामबागेला तेव्हा बाभळी जास्त आणि बंगले कमी होते. तिथं आम्ही सबंध पंधरवडा हिंडलो.

मामा घर कसं पाहायचे हे एकदा सांगितलंच पाहिजे. आधी लांबून. रस्त्याच्या पलीकडे बसून तंबाखू मळत निवांत नजर टाकायची. मग जवळ जाऊन भिंतीवर फाडकन थाप. मग सगळ्या खिडक्या उघडून आत डोकावायचं, आणि शेवटी मागे जायचं, तेही जरा अंतर ठेवून, कारण मागून लाथ बसायची सवय अंगात मुरलेली! एका निवृत्त मामलेदारांचा बंगला पाहताना ते म्हणाले, "पुढनं डौल लय हाय, पर मागं बसकं हाय. बसल्यालं उठायचं न्हाई." मामलेदारीणबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या तडक उठून आत गेल्या. आम्हाला चहा मिळाला नाही. मी मामांना वाटेत झापलं, तर म्हणतात, "आवं, म्या घराला म्हनलो. बाई चांगली हाय."

आणि मग ते घर दिसलं. तीन खोल्यांचं, कौलारू, पुढं ओटा, मागं पेरूचं झाड, दारावर बँकेची नोटीस आणि बँकेचं कुलूप. मालक एक ट्रकवाले होते. घर तारण ठेवून ट्रक घेतला, दुष्काळात माल मिळेना, मग डिझेल परवडेना. आधी ट्रक गेला, मग घर. माणसं आदल्या आठवड्यात बायकोच्या भावाकडे साताऱ्याला निघून गेली होती. मामा रस्त्याच्या पलीकडे बसले ते बसलेच. तंबाखू मळायचंही विसरले. शेवटी म्हणाले, "काळ्या रानात आसून पाय कसं रोवून हुबं हाय बगा. भितीला एक चीर न्हाई. हिला हितं आणायची." मी पाहिलं, तर गडी पार विरघळलेला.

लिलाव त्याच घराच्या अंगणात झाला. बँकेचे वसुली अधिकारी, त्यांचा शिपाई, एक गुळाचे व्यापारी, आम्ही दोघं, आणि फुकटची करमणूक म्हणून थांबलेले दोघंतिघं. अधिकाऱ्यांनी अटी वाचून दाखवल्या आणि म्हणाले, "बोला." यावर मामा उठले, शांतपणे त्यांच्याजवळ गेले, खांद्यावरचा पंचा काढून अधिकाऱ्यांच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्यांची बोटं दाबायला लागले. बैलबाजारात भाव असाच ठरतो, तोंडानं कुणी बोलत नाही, हे मला माहीत. अधिकाऱ्यांना कुठलं माहीत? ते पार पांढरे पडले. हात ओढून घेत ओरडले, "अहो, हे काय चाललंय? माझी नोकरी घालवता का? लोकांसमक्ष!"

"लोकांनी बघू नगं म्हणून तर पंचा टाकलाय, सायब," मामा समजुतीनं म्हणाले.

बिचारा शिपाई साक्षीदार व्हावं की पळून जावं अशा पेचात. गुळाचे व्यापारी मात्र खदाखदा हसत सुटले, कारण त्यांनी जत्रा पाहिल्या होत्या. मी अधिकाऱ्यांना बाजूला घेऊन ही लाच नव्हे, रीत आहे, हे पटवता पटवता घामाघूम झालो. ते म्हणाले, रीत काहीही असो, बोली मोठ्यानं बोलली पाहिजे. मामांना हे काही केल्या पटेना. "भल्या मानसाचं घर हाय त्ये. मुळ्याची जुडी हाय व्हय, वरडून भाव करायला? त्याच्या कानावर गेलं तर काय वाटंल?" अखेर तोड निघाली. मामांनी माझ्या कानात कुजबुजायचं आणि मी ओरडायचं. मी ओरडलो की मामा डोळे मिटून घेत. व्यापाऱ्यांनी थोडा वेळ रंगत आणली आणि मंदीला भिऊन सोडून दिलं. आयुष्यात एकदाच मी घर घेतलं, तेही ओरडून, आणि तेही दुसऱ्यासाठी. माझा घसा दोन दिवस बसला होता.

आम्ही विजयी मुद्रेनं गावी गेलो. मामी ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. मामांनी घराचं वर्णन केलं, पेरूचं झाड सांगितलं, गोठा नाही हे तीनदा सांगितलं. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवं, तितली बाई घरातनं कशी गेली?"

"आमी गेलो तवा न्हवती की."

"रडत गेली का कशी?"

"लिलावाच्या घरातनं हसत कोन जाईल?"

"मग मी न्हाई जायाची."

मामा उखडले. हे काय खूळ, डॉक्टर काय म्हणाले, पैसे भरले, वगैरे वगैरे. मामी थांबत थांबत, एकेका वाक्याला दम खात बोलल्या. "तुमी कवा बैल आणलाय आसा? घरच्या बाईनं तोंडावरनं हात न फिरवता? मालकानं खोड न सांगता? लोकांच्या तळतळाटावर मला श्वास घ्यायचा न्हाई." आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेना.

मामा ओट्याच्या कडेला बसले. हा वार त्यांच्याच हत्यारानं झाला होता. बैल घ्यायचा तो असा, हे गावाला शिकवणारे तेच. विकणाऱ्या घरची लक्ष्मी बैलाला ओवाळते, तोंडावरून हात फिरवते. दावं मालक ठेवून घेतो, घेणारा आपलं नवं दावं आणतो. आणि सचोटीचा मालक जाता जाता जनावराची खोड सांगतो: पाण्याला बुजतंय, डाव्या अंगानं जुंपू नका, असं. खोड सांगितली म्हणजे त्यानं मनातून सोडलं. घराच्या बाबतीत हे सगळं राहूनच गेलं होतं, आणि एवढा मोठा जाणकार ते विसरला होता. कणसं मोडायला आली होती; दहा-पंधरा दिवसांत कडब्याच्या पेंढ्या त्या गोठ्यात येऊन पडणार होत्या. मामींचं दर सुगीला काय होतं ते मी पाहिलेलं होतं.  मामा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याच्या एस.टी.त होतो. माझ्या पिशवीत एक भलंमोठं पितळी कुलूप. ट्रकवाल्यांचं जुनं कुलूप घरातच कोनाड्यात पडलं होतं, ते मामांनी पहाटेच सांगलीला जाऊन घेतलं होतं आणि दाराला स्वतःचं नवं आणून लावलं होतं. "घर घेतलं तरी दावं मालकाचं," एवढंच म्हणाले. सबंध वाटभर ते धूड माझ्या गुडघ्यावर आदळत होतं. समोरच्या बाकावरचा माणूस मला किल्लेदार समजत असावा.

किल्ल्याच्या अंगाच्या एका बोळात त्या बाईंच्या भावाचं गाद्या भरण्याचं दुकान होतं, मागे घर. नवरा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेला होता. भावानं आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं आणि बहिणीला हाक मारली. बाई चाळिशीच्या असतील. डोक्यावरचा पदर सारखा करून दाराशी उभ्या राहिल्या. मामांनी मनात काय काय जुळवून आणलं होतं कोण जाणे, तोंडातून निघालं ते एवढंच: "बाई, तुमचं घर म्या घेतलं."

"ठावं हाय," बाई म्हणाल्या. "आता काय न्यायला आलाय? घर तर हितं आणलं न्हाई आमी."

मामांनी मला खूण केली. मी कुलूप काढून जमिनीवर ठेवलं. खण्णकन आवाज झाला. "दावं द्याला आलोय," मामा म्हणाले. बाईंना काही कळेना. मग ती सगळी बैलाची रीत मला समजावून सांगावी लागली, आणि सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या घरात, ज्यांचं सगळं गेलंय त्यांच्यासमोर, मी त्यांना बैलाचं दावं सांगतोय! बाईंनी ऐकून घेतलं. मग भडकल्या. "माझं घर म्हंजी बैल व्हय? एक एक कौल म्या हातानं वर दिलंय. आता माझ्याकडनं आणि आशीर्वाद पायजे तुमाला?" भाऊ म्हणाला, "अगं, म्हातारा माणूस हाय." तर त्याच्यावरही खेकसल्या. आणि खरं सांगतो, त्यांच्या बाजूनंच मला बोलावंसं वाटत होतं.

मामा खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "बोला बाई. शिव्या द्या. तुमचा हक हाय. आमची ही म्हणती, त्या बाईच्या तळतळाटावर मी श्वास घ्यायची न्हाई. तिला दमा हाय. गोठ्यापाशी जगायची न्हाई ती. म्हणून आलो." इतकं म्हणून उठले, पायताणं घालायला लागले.

बाई खाली बसल्या, कुलूप उचलून मांडीवर घेतलं. पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली. आम्ही उंबऱ्याबाहेर पडलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मागच्या दाराची कडी वर उचलल्याबिगर बसत न्हाई."

मामा जागच्या जागी थांबले. वळले नाहीत.

"नळाला पाणी आदी गढूळ येतं. पैली बादली झाडाला घालायची. पेरूला लय मुंग्या, हळद टाकत जावा बुडात." आवाज चिरत होता, पण त्या थांबल्या नाहीत. "पावसात मदल्या खोलीचं कौल सरकतं, वरनं दुसरं. आणि त्यास्नी सांगा, मागल्या खोलीत निजू नगा. तितं ओल धरती. दम्याच्या मानसानं पुढल्या खोलीत निजावं, उगवतीच्या खिडकीपाशी. आमची सासू तितंच निजायची. तिलाबी दमा हुता."

मामांनी वळून त्या बाईला वाकून नमस्कार केला. एवढ्या वयाचा माणूस! बाईंनी तोंड पदरात लपवलं. आम्ही बोळाबाहेर आलो. कऱ्हाड येईपर्यंत मामा खिडकीबाहेर पाहत होते, मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "खोड सांगितली, जावईबापू. शंभरात एक मालक सांगतो आशी खोड सांगितली बाईनं." आणि भर एस.टी.त ढसाढसा रडले. मलाही राहवलं नाही. पाहायला कॅलेंडर नव्हतं.

मामींना त्यांनी ते सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं. कडी, नळ, मुंग्या, कौल. मामी ऐकत होत्या. "खिडकीचं परत सांगा," म्हणाल्या. मामांनी परत सांगितलं. मग मामींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला. भांडी बांधा." उरलेली जनावरं नि शेत भावकीच्या हवाली करून, कडबा यायच्या आत दोघं सांगलीला आली.

पुढे त्या बाई दोनदा घरी येऊन गेल्या. मामी त्यांना पेरूंची पिशवी भरून द्यायच्या आणि दोघी मागल्या दारी बसून काय बोलायच्या ते मामांना कधी कळलं नाही. मामी त्या घरात चांगली बारा-तेरा वर्षं राहिल्या. आता दोघंही नाहीत. मामांच्या गोष्टी निघाल्या की घरात हशा पिकतो, सुपारीची नि घड्याळाची फर्माईश होते, मीही रंगवून सांगतो. पण एकटा असलो की मला एकच दुपार आठवते.

ते राहायला आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी शाळेतून परस्पर तिकडे गेलो. मामा ओट्यावर एकटेच बसले होते. समोर रस्ता, पलीकडे बाभळी. बांधायला जनावर नाही, हाताला काम नाही. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आपल्या शेजारी बसवलं. पुढल्या खोलीची खिडकी आमच्या डोक्याशीच होती. "ऐका," ते म्हणाले. मी कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही, तसं मी म्हणालो.

"त्येच की," मामा कुजबुजले. "निजलीया. शीळ न्हाई. सवय न्हाई हो मला. मघाशी लय भ्यालो म्या."

आणि ते हळूच उठले, खिडकीशी जाऊन आत डोकावून पाहिलं, आणि परत येऊन माझ्याजवळ बसले.